चिलीम परत दिली त्या वर्षी

हडसनची खाडी, नदीमुखाची वखार
२६ ऑगस्ट १७९१

प्रिय गिबी,

तू बाबांना लिहिलेलं पत्र मी फोडलं. आधी काय रागवायचं ते रागावून घे, मग पुढे वाच. जहाज परवा दुपारी बाहेरच्या खोल पाण्यात नांगरलं, काल गलबतातून टपालाची पेटी किनाऱ्यावर आली, आणि तुझ्या पत्राबरोबर तंबाखूचं पुडकंही मिळालं. अक्षर किती देखणं झालंय रे तुझं! ऑर्कनी बेटांवरच्या शाळेत दुय्यम मास्तर झालो म्हणतोस, ते अक्षर बघूनच पटलं. इथे होतास तेव्हा कोळशाने पिंपांवर हंस काढायचास आणि एकेका हंसाला चार-चार पाय असायचे. जहाज दहा दिवस थांबतं, त्यातले दोन गेले. राहिलेल्या आठ दिवसांत हे पत्र पुरं झालं नाही तर मग थेट पुढच्या ऑगस्टात. हे मी स्वतःलाच बजावतेय, कारण मुद्द्याचं सोडून गावभर हिंडून यायची माझी खोड अजून गेलेली नाही. बारा वर्षांपूर्वी आईबद्दल तुला एक गोष्ट खोटी सांगितली गेली, आणि सांगणाऱ्यांत मी होते. खरं काय घडलं ते आता सांगायचंय. वाचून झाल्यावर तू मला बहीण म्हणशील की नाही याची धास्ती आहे, पण न सांगता राहणं आता जमणार नाही.

इकडचं म्हणशील तर ओमान बरा आहे. होड्या बांधतो, आणि प्रत्येक होडी झाली की आता हीच शेवटची असं म्हणतो. दोन मुली आहेत आम्हाला, धाकटी तुझ्यासारखी डाव्या हाताने खाते. यंदा बर्फ उशिरा फुटलं आणि हंस सगळे एकदम आले. तीन आठवडे आम्ही बायका नुसती पिसं उपटत होतो आणि मीठ चोळत होतो. बोटांच्या भेगा अजून भरल्या नाहीत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर मास्तरांनी छडी उगारू नये. वखार मात्र तुला ओळखू येणार नाही. तू लहान होतास तेव्हा उन्हाळ्यात शिकाऱ्यांच्या साठ होड्या कातडी घेऊन यायच्या, यंदा नऊ आल्या. नदीवर वरच्या अंगाला प्रत्येक वळणाशी आता फेरीवाल्यांचं घर आहे. मॉन्ट्रियलहून पाठीवर गाठोडी घेऊन येतात म्हणून आपली माणसं त्यांना फेरीवाले म्हणायची आणि हसायची. आता ते शिकाऱ्याच्या तंबूच्या दारात जाऊन कातडी उचलतात, त्याला महिनाभर होडी वल्हवायला लावत नाहीत, आणि आम्ही इथे खाडीच्या तोंडाशी वाट बघत बसतो.

आणि बाबा गेले, गिबी. हे वाक्य कुठे घालावं कळेना, म्हणून इथेच घातलं. गेल्या वर्षी जहाज परत निघालं त्यानंतर पाच आठवड्यांनी. गोदामात कातड्यांचे गठ्ठे बांधताना गारठा लागला, छाती भरली, सहा दिवस पडून होते. फार हाल झाले नाहीत. वखारीच्या कोटाबाहेर उंचवट्यावर कोरडी जागा आहे ना, तू जिथून गोलांट्या खात खाली यायचास, तिथे ठेवलंय त्यांना. तू तंबाखू बांधलास तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. तू लिहिलंस की तुमच्यासाठी खोली तयार आहे, खिडकी समुद्राकडे उघडते, आता तरी नोकरी सोडून घरी या. ते वाचून मी गोदामामागे जाऊन रडले. ते असते तर म्हणाले असते, समुद्र तर मेला इथेही आहे.

तुला आपले आजोबा कितपत आठवतात? आईचे वडील, मिकिसिव. तीस होड्यांचे म्होरके. जूनच्या शेवटी छपरावरचा पहारेकरी ओरडला की आपण दोघं धावत काठावर जायचो. वरच्या वळणाशी त्यांच्या होड्या मुद्दाम थांबायच्या. तिथे सगळे केस विंचरायचे, तोंडाला रंग लावायचे आणि मगच समोर यायचे, कारण दमल्या चेहऱ्याने वखारीत शिरणं त्यांना कमीपणाचं वाटे. आपल्याकडून तोफेचे तीन बार. मग मोठे साहेब आजोबांना लाल डगला चढवायचे. त्याच्या बाह्या दरवर्षी लांब व्हायच्या आणि आजोबा दरवर्षी म्हणायचे, "हा डगला ज्याच्या मापाचा शिवलाय तो माणूस मला एकदा दाखवा. बघायचाय मला." त्या आठवड्यात सुके आलुबुखार मिळायचे. ते स्वतः खायचे आणि बिया तुला द्यायचे, "पेर" म्हणायचे. तू त्या गोदामामागे पुरायचास आणि उगवल्या का ते बघायला रोज सकाळी उकरून काढायचास. शेवटी आजोबा म्हणाले, "इंगा, याला व्यापारी करा, शेतकरी करू नका." त्या दिवसांसारखे दिवस नंतर आलेच नाहीत. सगळीकडे धूर, भाजलेलं मांस, शंभर कुत्री, आणि आई सगळ्यांवर ओरडत फिरतेय. ती आनंदात असली की ओरडायची, आठवतं?

चिलीम तुला नक्की आठवत असेल. लाल दगडाची वाटी, हातभर लांबीची नळी, तिला गरुडाची पिसं. आजोबा आले की ती ओढल्याशिवाय व्यवहार सुरू व्हायचा नाही. आणि जाताना ते ती बाबांच्या हातात द्यायचे. बाबा ती तांबड्या कापडात गुंडाळून व्यापाराच्या खोलीतल्या फळीवर ठेवायचे. चिलीम इथे राहिली याचा अर्थ मालक पुढच्या उन्हाळ्यात तिच्यासाठी परत येणार. एखादा म्होरक्या चिलीम घेऊन निघाला तर समजायचं, हा आता येत नाही. त्याला वखारीनेच ती परत दिली तर अर्थ आणखी सरळ, तू येऊ नकोस. हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. आई आणि बाबांचं लग्नसुद्धा आजोबांनी पहिल्यांदा चिलीम ठेवली त्याच दिवशी झालं. आई बाबांकडे बोट दाखवून थट्टेने म्हणायची, "माझे वडील दोन वस्तू ठेवून गेले. एकीला निकोल रोज पुसतो, दुसरीला विचारतसुद्धा नाही."

तू सहा वर्षांचा होतास त्या उन्हाळ्यात नवे मोठे साहेब होते, थॉर्नबी नावाचे. लंडनचे, खाडीवर पहिलंच वर्ष. गिबी, मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं होतं, पण माणूस वाईट नव्हता. उत्साही होता, तेच नडलं. आणि बाबा तेव्हा त्यांच्या मागे होते. तुला जहाजाने ऑर्कनीला, आत्याकडे शाळेत पाठवायचं त्यांनी मनात घेतलं होतं. आपल्यासारख्या, इथल्या आईच्या मुलांना जहाजावर घ्यायचं की नाही ते मोठ्या साहेबांच्या हातात. थॉर्नबींनी हो म्हटलं होतं, कागद लिहून ठेवला होता, सही जहाज आल्यावर. आईला हे अजिबात मान्य नव्हतं. "तिकडे त्याला कोण हाक मारेल?" एवढंच ती विचारायची.

तर थॉर्नबींनी फळीवरची आजोबांची चिलीम बघितली. नळीला तडा, पिसं कसरीने खाल्लेली. त्यांना वाटलं, इतक्या मोठ्या माणसाची वस्तू आपण अशी ठेवतो, लाज आहे. फेरीवाल्यांची माणसं तेव्हा आजोबांकडे नुकती जायला लागली होती आणि त्यांना आपल्याकडे राखायची साहेबांना घाई झाली होती. त्यांनी सुताराकडून नवी नळी करून घेतली, तिला चांदीचं कडं बसवलं, दगड तेलाने चकचकीत केला. आणि निरोपाच्या दिवशी, सगळ्या होडीवाल्यांसमोर, आजोबांनी चिलीम बाबांकडे द्यायला हात पुढे करायच्या आधीच, साहेबांनी ती स्वतः उचलून त्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, ही आमच्याकडून भेट, घरी घेऊन जा, मानाने ठेवा. दुभाषे बाबा होते. मी आलुबुखाराचं ताट घेऊन दाराशी उभी होते. मी बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एका वाक्याचं काम होतं. साहेब, असं करू नका, याचा अर्थ वेगळा होतो. पण साहेबांना सगळ्यांदेखत चुकीचं ठरवायचं, आणि कागदावर सही व्हायची होती. बाबांनी साहेबांचा शब्द न् शब्द आजोबांना सांगितला. घरी घेऊन जा. मीही काही बोलले नाही. मुलींनी त्या खोलीत बोलायचं नसतं, पण मी ताट तरी खाली पाडू शकले असते.

आजोबांनी डगला काढला, घडी घालून जमिनीवर ठेवला आणि बाहेर गेले. थॉर्नबी बिचारे विचारत होते, "खूश झाले ना?"

नदीपलीकडे त्यांचे तंबू दोन दिवस तसेच होते. ते थांबले होते, गिबी. जाणारा माणूस दोन दिवस कशाला थांबेल? आई बाबांना म्हणाली, "जा आणि सांग, साहेब नवा आहे, चुकला. चिलीम हातात घे आणि घेऊन ये." बाबा म्हणाले, "उद्या साहेबांना विचारतो." "सासऱ्याची समजूत काढायला साहेबांची परवानगी लागते?" तिसऱ्या दिवशी ते गेले, मीही होडीत होते. आजोबांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू तिथे उभा होतास." बाबांनी मान खाली घातली आणि आम्ही परत आलो. त्या संध्याकाळी आईने गाठोडं बांधलं. म्हणाली, "मी त्यांच्याबरोबर जाते. एक हिवाळा डोकं खाल्लं की येतील. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन येते, चिलमीसकट. तोवर पोराला कुठेही पाठवायचं नाही." बाबा म्हणाले, "नाही पाठवत." मी ऐकलं ते. तू तेव्हा तिच्या गाठोड्यावर बसून राहिला होतास आणि उठत नव्हतास. तिने तुला गुदगुल्या करून उठवलं.

सहा आठवड्यांनी जहाज आलं. बाकीचं तुला माहीत आहे, तुझ्या नव्या टोपीसकट. मी बाबांशी भांडले. ते म्हणाले, कागद पुन्हा मिळणार नाही, साहेब बदलतील. आणि म्हणाले, "मी त्या दिवशी उभा राहिलो तसं त्याला कधी कुणापुढे उभं राहावं लागू नये." त्यांना खरंच तसं वाटत होतं. तुला त्यांच्यावर रागवायचं असेल तर रागाव, पण हे वाक्य वगळून रागावू नकोस.

पुढच्या जूनमध्ये आई आली. हो, आली. दोनच होड्या, आजोबा नव्हते. ती अर्धी पाण्यात उतरली आणि विचारलं, "गिबी कुठाय?" मी म्हटलं, जहाजाने गेला. तिने समुद्राकडे बघितलं, जसा काही तू अजून दिसणार होतास. मग बाबांना म्हणाली, "आधी माझा बाप घालवलास, मग पोरगा." मला विचारलं, "तू येतेस?" मी बाबांकडे बघितलं. ते इतके एकटे दिसत होते की मी नाही म्हटलं. तिने पाण्यातला पाय परत होडीत घेतला आणि काठाला न लागताच होडी वळवली.

त्या ऑगस्टात बाबांनी मला तुला पत्र लिहायला बसवलं. "लिही, आई तापाने वारली." मी विचारलं, का? ते म्हणाले, "सात वर्षांचा आहे तो. रागावून गेली लिहिलंस तर रोज वाट बघेल. वारली लिहिलंस तर एकदाच रडेल." मी लिहिलं. आणि मास्तर, तुझ्या बहिणीने त्यात स्वतःची भर घातली, की शेवटी तुझं नाव घेतलं. तुला बरं वाटावं म्हणून. पुढच्या वर्षी तुझं उत्तर आलं. चारच ओळी होत्या आणि आई हा शब्द पाच वेळा. मी ते कुणाला दाखवलं नाही. तुला खरं कळवायचं मी त्या वर्षी ठरवलंही होतं, पण धीर झाला नाही. मग देवीची साथ आली. नदीवर वरच्या भागात तंबूच्या तंबू ओस पडले, आणि जे कुणी आले त्यांनी सांगितलं, मिकिसिवच्या मुक्कामात कुणी उरलं नाही. बाबा नुसते बसून राहिले. आपण लिहिलं म्हणून झालं, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि ते कुणालाही काढता आलं नाही. तरी दर जूनला पहारेकरी ओरडला की ते काठावर जाऊन उभे राहायचे आणि शेवटची होडी लागेपर्यंत हलायचे नाहीत. माझं म्हणशील तर मला एक सुटकाच वाटली, लाज वाटते लिहायला. लिहिलेलं खोटं खरं झालं होतं, आता दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं.

यंदा जूनमध्ये नऊ होड्या आल्या हे मी वर लिहिलं. नवव्या होडीतून एक बाई उतरली, कापलेले केस, तोंडभर देवीचे व्रण. तंबाखू मागायला आली असेल म्हणून मी कमरेची थैली उघडली. ती म्हणाली, "इंगा, अजून उभ्यानेच खातेस का गं?" गिबी, आई जिवंत आहे. साथीत आजोबा गेले, ती वाचली, उरलेल्या चार घरांबरोबर लांब पश्चिमेला राहिली. निकोल गोदामवाला गेला हे तिला हिवाळ्यात शिकाऱ्यांकडून कळलं, तेव्हा तिने रिवाजाप्रमाणे शोकात केस कापले, आणि बर्फ फुटताच निघाली. कोटाच्या आत पाऊल ठेवत नाही, बाहेर उंचवट्याखाली तंबू ठोकलाय. पहिल्या दिवशी बाबांच्या मातीपाशी जाऊन म्हणाली, "बोल आता, निकोल. आता कुठला साहेब उभा आहे तुझ्यापुढे?" आणि मग दिवसभर तिथे बसून इतकी रडली की मला तिला हाताला धरून उठवावं लागलं. मी तुला काय लिहिलं होतं ते तिला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "किती रडला?" तुझ्या चार ओळी मी इतकी वर्षं जपल्यात, त्या तिला वाचून दाखवल्या, आता रोज दाखवाव्या लागतात. तू काय खातोस, तुला थंडी वाजते का, तुला तिकडे कोण हाक मारतं, सगळं विचारते, आणि मला काही माहीत नसतं. ती म्हणते, मी पुढचं जहाज येईपर्यंत थांबते, एक हिवाळा, दुसरा माझ्याने होणार नाही. तिचा खोकला ऐकून मलाही ते खरं वाटतं. म्हणून हे पत्र. तुझी शाळा, तुझी खिडकी, सगळं मला कळतं, मी कायमचा ये म्हणत नाही. जूनच्या जहाजात जागा धर आणि एकदा ये. आणि गिबी, तुला माझा कितीही राग आला असला तरी कागदावर उत्तर पाठवू नकोस. तिला वाचता येत नाही.

तुझीच थोरली,
इंगा